क्राकूवच्या घरमालकीणबाई

माझी मुलगी पोलंडमधल्या क्राकूव शहरात एका प्रयोगशाळेत काम करते. मागच्या जूनमध्ये मी तीन आठवडे तिच्याकडे राहून आले. तिच्या वडिलांनीही यावं म्हणून ती फार मागं लागली होती. पण आमचं शेत सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर, आणि ते हळदीचं बेणं लावायचे दिवस. "तूच जाय. लेकरू कसं राहून राहिलं ते बघून ये," म्हणत यांनी मला हिंगोलीतून गाडीत बसवून दिलं.

शहर जुनं आणि देखणं. मधला चौक एवढा ऐसपैस की आमच्याकडचे दोन-तीन आठवडी बाजार त्यात सहज भरावेत. चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला कुणीतरी कर्णा वाजवतं आणि सूर मधेच तोडतं. फार पूर्वी शत्रू आल्याचा इशारा देताना पहारेकऱ्याच्या गळ्यात बाण घुसला, तो जिथं थांबला तिथवरच अजून वाजवतात, असं मुलीनं सांगितलं. एकदा ती मला शहराबाहेर मिठाच्या खाणीत घेऊन गेली. पायऱ्या उतरता उतरता गुडघे भरून आले. खाली जमिनीच्या पोटात मिठात कोरलेलं प्रार्थनाघर, झुंबरंसुद्धा मिठाची. माझ्या मनात एकच आलं, हे सोबत असते तर वर्षभर गावाला सांगत बसले असते. बघितलेली प्रत्येक गोष्ट मला अर्धीच वाटायची.

मुलगी कामावर गेली की घरात मी आणि घरमालकीण. सत्तरीच्या, एकट्या बाई. आमची भाषा एक नाही. मी नेलेली हळद त्यांनी हुंगून पाहिली आणि ताटलीवर काढून खिडकीत ठेवली. एका रविवारी त्या आम्हा दोघींना बसनं त्यांच्या गावी घेऊन गेल्या. दोन्ही बाजूंना बटाट्याची रानं, कापून वाळत घातलेलं गवत. मी खाली वाकून माती हातात घेतली. आपल्यासारखी काळी नव्हती, पण वास ओळखीचा होता.

गावच्या घरात त्यांनी एक खोली उघडून दाखवली. अंथरूण घातलेलं, उशी ताठ. त्यांचा मुलगा कॅनडात असतो, असं माझ्या मुलीनं सांगितलं. मग स्वयंपाकघरात बसवून त्यांनी आम्हाला स्ट्रॉबेरी भरून उकडलेल्या करंज्या वाढल्या, वर साय घातली. खाता खाता त्यांनी मुलीला काहीतरी विचारलं. तिनं मान खाली घातली.

"काय म्हणून राहिल्या?" मी विचारलं.

"तू आईकडं परत कधी जाणार, म्हणतात." मग ती म्हणाली, "माय, मला इथं कायमची नोकरी मिळाली. मी हो म्हणून बसले. तू आल्यापासून सांगायचं होतं."

घास माझ्या हातातच राहिला. आमच्या तोंडाकडं बघूनच बाईंना कळलं. त्या माझ्या मनगटावर हात ठेवून बसल्या. वडिलांना तूच सांग, असं मुलगी मला म्हणत होती. मी ऐकलं नाही.

"तुझ्या तोंडानं सांग," मी म्हणाले.

तिनं तिथूनच फोन लावला. हे शेतात होते, मागं इंजिनाचा आवाज येत होता. तिनं सगळं सांगितलं.

"तिथली माणसं चांगली हायेत ना?" यांनी विचारलं.

ती व्हय म्हणाली.

"मग राहा."

फोन मात्र दोघांनीही ठेवला नाही.

मी निघाले त्या दिवशी घरमालकीण फाटकापर्यंत आल्या, आणि माझ्याऐवजी मुलीच्याच पाठीवरून हात फिरवत राहिल्या. तेवढ्यानं मला जरा धीर आला.

मुलगी दिवाळीला येते म्हणाली होती, पण सुट्टी मिळाली नाही. दुपारी काम करता करता तिथं आता किती वाजले असतील याचा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप होतो. परवा जेवताना हे म्हणाले, एकदा दोघं मिळून जाऊन येऊ. मी लगेच त्यांच्या पासपोर्टचे कागद काढून ठेवले. रोज विचारते, अन् हे रोज उद्या अर्ज भरू म्हणतात.