नाल्यावरून गेलेले पट्टकदंब

सोमाजी कापगतेबद्दल कोणी विचारलं की मी आजवर एकच वाक्य बोलत आलो. "हिमस्खलनात गेला." एवढं सांगायचं आणि विषय बदलायचा. शाळेत झेंडावंदनाला बोलावतात तेव्हाही मी बर्फावर, बंकरवर, डब्यातल्या जेवणावर बोलतो आणि खाली बसतो. ते वाक्य खोटं नाही. पण त्याच्या आधी जे घडलं ते मी कोणालाच सांगितलं नाही. माझ्या बायकोलाही नाही.

मी केशोरीचा. आमची धानाची शेती. सोमाजी शेजारच्या गावचा, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्या कोहळी घरातला. त्याचे वडील गणपतकाका तिथल्या तलावाचे पाणकर होते. कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, कधी आणि किती पाणी सोडायचं हे पाणकर ठरवतो. सोमाजी आणि मी एकाच पलटणीत होतो. मी हवालदार, तो लान्स नाईक. ड्यूटीवर तो मला हवालदारसाहेब म्हणायचा. ड्यूटी संपली की भाऊ.

चित्र काढायला मला फौजेने शिकवलं. ऑब्झर्वेशन पोस्टच्या कोर्समध्ये पॅनोरमा स्केच असतं. समोरचा मुलूख पेन्सिलीने कागदावर उतरवायचा. आमचा उस्ताद पाठीमागे फिरत म्हणायचा, "जो दिखता है वो बनाओ. जो मालूम है वो मत बनाओ." हे वाक्य मी सुट्टीत गावी घेऊन आलो. तलावाच्या पाळीवर बसून पाखरं काढू लागलो, आणि लहानपणापासून पाहिलेली पाखरं मी कधी पाहिलीच नव्हती असं लक्षात आलं. कमळपक्षी पानांवरून चालतो तेव्हा त्याच्या बोटांची लांबी पाहून माझा हात थांबला. एवढी बोटं असतील असं मला वाटलंच नव्हतं. सारसाची जोडी एकदम मान वर करून ओरडली त्या दिवशी मी काहीच काढलं नाही. नुसता बसून राहिलो.

हिवाळ्यात आमच्या तलावावर पट्टकदंब येत. हंसाच्या जातीचा राखाडी पक्षी, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. गावात कोणी त्यांना राजहंस म्हणतं, कोणी नुसतं मोठं बदक. फाल्गुन संपत आला की ते निघून जात. कुठे जातात याचा आम्ही कधी विचार केला नव्हता.

पलटण लडाखला गेली. आमची पोस्ट उंचावर होती. स्टोव्ह, बर्फ वितळवून पाणी, सेन्ट्री ड्यूटी, वायरलेस चेक. आठवड्यातून काही वेळा शेजारच्या पोस्टपर्यंत लिंक पेट्रोल, म्हणजे गस्त. फावल्या वेळात मी पक्षी काढायचो. कंपनी कमांडरसाहेबांनी एकदा ते कागद पाहिले.

"हवालदार, ये क्या है?"

"चिड़िया, सर."

"सिर्फ चिड़िया बनाओगे. पहाड़ एक भी नहीं. समझे?"

"यस सर."

सीमेवर डोंगराची रेघ ही माहिती असते. साहेबांचं बरोबर होतं. म्हणून माझे तिथले सगळे पक्षी कोऱ्या कागदावर आहेत. डोंगरकावळे, तितरासारखे रामचुकार, एक दाढीवालं गिधाड. खाली जमीन नाही, मागे काही नाही.

सोमाजी ते कागद उलटसुलट करून बघायचा. "भाऊ, हे गिधाड हवेत कायले लटकवलं? पडन ना ते."

"साहेबांची ऑर्डर आहे."

"मंग साहेबाले सांगा, एखादा ढग तरी मंजूर करा म्हणा."

पेट्रोलच्या वाटेवर एक नाला होता. वरून सबंध उताराचा बर्फ त्यात टेकलेला. नियम साधा होता. वरच्या उतारावर ऊन पडायच्या आत नाला ओलांडायचा, एका वेळी एकच माणूस. ऊन पडलं तर अलीकडेच थांबायचं आणि संध्याकाळी बर्फ पुन्हा घट्ट झाल्यावर पलीकडे जायचं. यात कोणाचं मत विचारायचं नव्हतं.

वसंत सुरू झाला होता. त्या सकाळी आम्ही पाच जण निघालो. पेट्रोल कमांडर मी. पहिले तिघे नाला ओलांडून पलीकडच्या खडकाआड गेले. अलीकडे सोमाजी आणि मी राहिलो. वायरलेसचा एक सेट माझ्याकडे होता, दुसरा पलीकडच्या तिघांकडे; सेटवर मी अल्फा, ते चार्ली.

आधी आवाज आला. सोमाजीने माझी बाही ओढली.

"भाऊ. आपल्या तलावातलं पाखरू."

मी म्हटलं, "येडा झाला का?"

"कान देऊन ऐका ना जी."

दक्षिणेकडच्या खिंडीतून ते वर आले. पट्टकदंब. एका मोडक्या रांगेत, आमच्या डोक्यावरून, पण फार उंच नाही. ज्या हवेत आम्ही दहा पावलं टाकून धापा टाकत होतो त्या हवेत ते ओरडत पंख मारत होते. ऊन आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. त्यांच्या पोटावर पोचलं होतं. डोक्यावरचे दोन पट्टे मला खालून दिसले नाहीत, पण एकाने वळताना मान तिरपी केली तेव्हा दिसले. आमच्या धानाच्या बांध्यांत चरलेलं पाखरू. महिन्या-दोन महिन्यांपूर्वी गणपतकाकांच्या तलावावर बसलेलं असेल. आम्हाला तिथे आणायला रेल्वे, ट्रक, विमान आणि सरकार लागलं होतं. ते आपल्या पंखांवर आलं होतं आणि अजून पुढे चाललं होतं. एक थवा गेला, मागून दुसरा आला. आम्हा दोघांच्या डोळ्यांत पाणी होतं. थंडीचं असेल.

मी हातमोजा काढला, कागद काढला.

"सोमाजी, धर."

त्याने दोन्ही हातांनी कागदाचे कोपरे माझ्या पॅडवर दाबून धरले, कारण वारा होता. मी काढत राहिलो. पंख, मान, पुन्हा पंख. माझी बोटं बधिर झाली तरी मी थांबलो नाही. आयुष्यात माझा हात तेव्हा जसा चालला तसा परत कधी चालला नाही. हे सांगायला मला लाज वाटते, पण ते खरं आहे.

सेट बोलला. "अल्फा, चार्ली. रुके क्यों हो? ओवर."

मी बटण दाबलं. "चार्ली, अल्फा. कापगते का क्रॅम्पॉन ढीला है. बाँध रहा है. ओवर."

क्रॅम्पॉन म्हणजे बुटाखाली पट्ट्यांनी बांधायचे लोखंडी दाते. ते बर्फात रुततात म्हणून माणूस घसरत नाही.

सोमाजी हसला. "माह्या बुटाचं नाव कायले घेता जी? पाखराचं सांगा ना."

"पाखराचं सांगितलं तर दोघांनाही महिनाभर लंगरची भांडी घासावी लागतील."

"मंग बूटच बरा."

तिसरा थवा गेल्यावर मी कागद आत ठेवला. वर पाहिलं. उताराच्या माथ्यावर ऊन होतं. खालपर्यंत आलं नव्हतं, पण माथ्यावर होतं.

सेट पुन्हा बोलला. "अल्फा, चार्ली. कितना टाइम? ओवर."

"चार्ली, अल्फा. आ रहे हैं. आउट."

सोमाजी वर बघत होता. "हवालदारसाहेब, ऊन पडून राहिलं वरतं."

त्याने मला भाऊ म्हटलं नाही, हवालदारसाहेब म्हटलं. ते मला तेव्हाही कळलं.

संध्याकाळपर्यंत अलीकडे थांबलो असतो तर कारण द्यावं लागलं असतं. ढिला पट्टा बांधायला अर्धा दिवस लागत नाही. मी म्हटलं, "जा. मी मागून येतो."

"हो जी."

तो गेला. नाल्याच्या निम्म्यापलीकडे पोचला होता. वर कापड फाटावं तसा आवाज झाला. मी ओरडलो. त्याने वर पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मग नाल्यात पांढऱ्या धुरळ्याशिवाय काही नव्हतं.

आम्ही चौघांनी आणि खालून आलेल्या पार्टीने दिवसभर खणलं. तो मलाच सापडला. दोन्ही बुटांचे पट्टे घट्ट बांधलेले होते. ते मी पाहिले.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला विचारलं, उशीर का झाला? मी सेटवर बोललो होतो तेच पुन्हा बोललो. पट्टा ढिला होता. तो बांधून घाईने निघाला. ऊन पडलेलं मला दिसलं नाही. पलीकडच्या तिघांनी सेटवर जे ऐकलं होतं ते सांगितलं, आणि ते माझ्या म्हणण्याशी जुळलं. पाखरांबद्दल कोणी विचारलं नाही.

पेटीबरोबर गावी मीच आलो. बंदुकांची सलामी झाली. सगळे पांगल्यावर गणपतकाका माझ्याजवळ येऊन बसले. कशामुळे झालं हे त्यांनी आधीच कोणाकडून तरी ऐकलं होतं.

"त्याले गाठ मीच शिकवली होती," ते म्हणाले. "पाण्यातही सुटत नोहती. मंग काऊन ढिली राहिली जी?"

मी म्हटलं, "तिथं थंडीनं बोटं चालत नाहीत, काका."

"असन," ते म्हणाले. "असन बाप्पा."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्यांना आधी पटत नव्हतं, ते मी पटवलं.

नायब सुभेदार होऊन मी निवृत्त झालो आणि रोज सकाळी त्यांच्याच तलावाच्या पाळीवर चित्रं काढायला बसू लागलो. दुसरे तलाव होते. मी तिथेच बसायचो. गणपतकाका खांद्यावर फावडं घेऊन यायचे, वाकून कागदावरचं पाखरू पाहायचे.

"का काढून राहिले सुभेदार?"

"टिबुकली, काका."

"पोट पाहा तिचं. सरपंचाच्या घरची दिसते."

आणि हसत पुढे जायचे. मी रोज ठरवायचो, उद्या सांगू.

त्या तलावाला जुनं तुडुम आहे, म्हणजे पाणी सोडायचं तोंड. त्याची बुचं पाण्याखाली आहेत. धानाला पाणी सोडायचं असलं की कमरेला दोर बांधून एक जण बुडी मारतो आणि बूच काढतो. दोर बांधल्यावर पाणकराने गाठ तपासायची ही तिथली पद्धत. एका वर्षी मी पाळीवर कागद घेऊन बसलो होतो. बुडी मारणारा गडी घाई करत होता. गणपतकाकांनी त्याला दोराला धरून मागे ओढलं.

"थांब. पाहू दे."

"बांधली ना काका, घट्ट हाय."

"माह्या सोमाजीनंही बांधली होती. ढिली राहिली. एवढ्याशा गाठीपायी गेला तो."

गडी थांबला. काकांनी गाठ सोडली आणि स्वतःच्या हाताने पुन्हा बांधली. नंतर मला समजलं की ते हे प्रत्येक वेळी म्हणतात. गावातल्या सगळ्यांना ते पाठ होतं. सोमाजी गावात तसाच उरला होता, निष्काळजी गाठीचा माणूस म्हणून, आणि ते त्याच्या बापाच्या तोंडून.

मी उठलो. त्यांच्याजवळ गेलो. पाणी तुडुमातून सुटलं होतं आणि ते त्याच्याकडे बघत होते. मी "काका" म्हटलं. त्यांनी मान वळवली. मी म्हटलं, "पाणी चांगलं आहे यंदा."

"हो जी," ते म्हणाले.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी ते गेले. आजारी होते तेव्हा मी दोनदा घरी जाऊन बसलो होतो. दुसऱ्या वेळी त्यांना माणसं नीट ओळखू येत नव्हती. तेव्हा सांगणं सोपं होतं, म्हणूनच सांगितलं नाही. तयार केलेलं बोलणं घेऊन परत आलो. ते असं होतं.

काका, सोमाजीची गाठ पक्की होती. दोन्ही पायांची. त्याला बर्फातून काढलं तेव्हा मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. उशीर त्याने केला नाही, मी केला. ऊन पडलं हे त्याने मला सांगितलं होतं. मी जा म्हटलं, म्हणून तो गेला. मला माफ करा.