वामन सरांच्या पटावरची माझी एकोणीस पोरं

वामन सर खोटारडे नव्हते.

हे आधी सांगून टाकते. नाहीतर माझं बोलणं म्हणजे पाचोऱ्याला निघायचं आणि जळगावला उतरायचं, असं चिऊ म्हणते.

चिऊ माझी नात, मंगलाची पोरगी. कॉलेजसाठी माझ्याकडे जळगावात राहते. तिनेच फोनमध्ये बोलून लिहायचं शिकवलं. मी दुसरी शिकलेली बाई, मी बोलते आणि फोन लिहितो! मला तर लई मौज वाटते. नातीचं शिक्षण आजीच्याही कामी येतंय.

पण आज मौजेसाठी बोलत नाहीये.

सर काल वारले. धुळ्यात.

गावाच्या ग्रुपवर सकाळपासून फुलं आणि जोडलेले हात. मध्येच एकाने टाकलं, "शिकवायचे चांगले, पण पटाची भानगड करून शाळा बुडवली."

त्याच्यावर चार अंगठे.

म्हणून ही पोस्ट.

त्या वर्षांत आपल्याकडे गावोगाव शाळा निघत होत्या. संस्था काढायची, सरकारची परवानगी आणायची, मास्तरांनी काही वर्षं बिनपगारी शिकवायचं. पट भरला तर अनुदान, नाहीतर कुलूप. आमची शाळा कापसाच्या जुन्या जिनिंग मिलच्या शेडमध्ये निघाली. आधी पाचवी, मग सहावी, मग सातवी. फळा एकच. तो मी आणि सर दोन्हीकडून धरून या वर्गातून त्या वर्गात न्यायचो.

मी तिथे झाडायचे, पाणी भरायचे. माझी मंगला सातवीत होती. आमच्या घरात सातवी पाहिलेली पहिली पोरगी.

सर म्हणायचे, "अक्का, हिला थांबवू नका. अनुदान आलं की आठवी काढतो."

मी त्या एका बोलण्यावर जगत होते हो.

आणि इन्स्पेक्शन आलं ते नेमकं कापूस वेचणीत. अर्धी शाळा शेतात. सर दोन दिवस घरोघर फिरले. लोक म्हणाले, "सर, कापूस थांबतो का कोणासाठी?"

बाकीच्या शाळा काय करायच्या ते सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या गावची पोरं आणून बसवायची. मी सरांना तसं म्हटलं.

"नाही अक्का. आहेत तेवढी दाखवू. साहेबांना विनंती करू, वेचणी झाल्यावर परत या म्हणून."

मला काही धीर निघेना.

सर साहेबांना आणायला फाट्यावर गेले, तेवढ्यात माझ्या भावाचं ट्रॅक्टर आलं. माहेरची एकोणीस पोरं. मीच निरोप धाडला होता. एकेकाला गैरहजर पोराचं नाव पाठ करायला लावलं, मुठीत गूळ-शेंगदाणे दिले, रांगेत बसवलं.

सर साहेबांना घेऊन दारात आले आणि थबकले.

माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

हजेरी सुरू झाली. एक पोरगं चुकलं नाही! नाव पुकारलं की उभं, "हजर, सर!" सरांचा आवाज मात्र दर नावाला बारीक होत गेला.

साहेबांनी सहीला पेन काढलं. मी खुशीत कळशी उचलून पाणी वाटायला निघाले.

एक पोरगी ओरडली, "फुई व, माले पानी दे!"

फुई म्हणजे आत्या. तिच्यामागून सगळीच सुरू झाली. "फुई, माले बी!" "फुई, आधी माले!"

माहेरवाशीण माहेरच्या गावातल्या बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या, पोरांची फुई असते. नावं पाठ करून घेतली, पण मला फुई म्हणू नका, हे सांगायचं सुचलंच नाही. सुचणार कसं? बोलायला लागल्यापासून मला तेच म्हणत आलेली पोरं.

साहेबही आपल्या खान्देशातलेच. पेन थांबलं.

"बाई, तुम्ही या गावच्या सून ना?"

"हो."

"मंग बठ्ठासनी फुई कशी व?"

ते सरांकडे वळले. "कोणी आणली ही पोरं?"

सर म्हणाले, "मी."

मी कळशी धरून उभी होते. दोन शब्द बोलायचे होते. नाही बोलले.

जूनमध्ये शेडला कुलूप लागलं. पोरं सायकलवर पाचोऱ्याला जायला लागली, पोरी घरी बसल्या. दिवाळीच्या वेचणीला मंगलाने कमरेला ओटी बांधली. कापूस वेचता वेचता म्हणाली, "सरांनी लबाडी केली आई, म्हणून माझी शाळा गेली."

मी म्हटलं, "हात चालव."

एवढंच म्हटलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी धुळे स्टँडवर सर दिसले. शिकवण्या घेत होते. शर्टाची कॉलर पार झिजलेली.

"मंगला काय करते?" पहिलं हेच.

"लग्न झालं, सर. शिरपूरला दिली."

"बरं."

मग मीच म्हटलं, "सर, गावाला खरं सांगून टाकू का?"

हसले. "आता सांगून शाळा उघडणार का, अक्का? बसा, गाडी लागली तुमची."

आणि मी बसले. त्यांनी म्हटलं म्हणून नाही. मला सुटल्यासारखं वाटलं म्हणून.

थकले बाई आता हे वागवून.

मंगला, चिऊ तुला हे दाखवेलच. इतकी वर्षं तू सरांचं नाव घेतलं नाहीस. चिऊ दहावी झाली तेव्हा मी म्हटलं, सरांना पेढे पाठवू. तू म्हणालीस, "त्या माणसाला कशाला?" तेव्हाही मी पेढ्यांचा बॉक्स बंद करत बसले.

तुझा तो राग माझा आहे. मला दे.

शिव्या घाल, पण फोन कर. सरांच्या दहाव्याला धुळ्याला जायचंय. आलीस तर दोघी जाऊ. नाही आलीस तर मी एकटी एस.टी.ने जाईन, आणि तिथे बसलेल्या सगळ्यांना सांगेन.

वामन सर, तुमच्या अक्काचा शेवटचा नमस्कार. बोलायला फार उशीर केला.