मधला पत्रा

बार्शी रस्त्याला आमची परमिट रूम आहे. वडिलांनी, म्हणजे आबांनी सुरू केलेली. गेली काही वर्षं मी चालवतो. आत सिगारेट ओढायला मनाई, अशी पाटी मी रीतसर लावली होती. तपासणीला आलेल्या साहेबांनी ती पाटी आणि तिच्याखाली धूर सोडणारं गिऱ्हाईक एकदमच पाहिलं आणि माझी बिनपाण्यानं केली. तेव्हापासून ओढणाऱ्यांना मी मागच्या दारानं बाहेर पाठवायला लागलो. बाहेर सोलापूरचं ऊन. माणसं अर्धी सिगारेट विझवून आत यायची आणि दुसरा पेग न मागता उठायची. म्हणून तिथं शेड घातली. चार लोखंडी खांब, वर पत्रा, चारी बाजू मोकळ्या, टेकायला एक बाक.

शेडमध्ये कुणी उभं राहीना. गिऱ्हाईकं सावली सोडून पाण्याच्या टाकीमागं उन्हात तापत उभी. शेवटी रोजच्या एकाला विचारलं, तर तो म्हणाला, "मालक, सावली लई झ्याक हाय, पण आडोसा कुटं हाय? आत माजे चुलते बसल्यात की!"

आता डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडं चुलता-पुतण्या एकाच बारमध्ये एकमेकांकडं पाठ करून खुशाल बसतात. पेला टेबलाखाली धरता येतो, पण धूर कुठं लपवणार? मोठ्यांदेखत धूर सोडणारा आमच्यात वाया गेलेलाच समजतात.

पत्रे मारणाऱ्याला परत बोलावलं. तो मूळचा तेलुगू विणकर, आधी मागावर काम करायचा. मला काय हवंय ते कळल्यावर तो आणि त्याचा जोडीदार तेलुगूत काहीतरी बोलले आणि पोट धरून हसले. शेडच्या मधोमध, डोक्याच्या वर जाईल असा पत्रा उभा केला. खाली वाऱ्यासाठी वीतभर फट ठेवली. अलीकडं थोरले, पलीकडं धाकटे, वाटाही वेगळ्या. दुसऱ्याच दिवशी तो चुलता अलीकडून ओरडला, "काडी हाय का रं कुनाकडं?" पुतण्यानं चकार शब्द न काढता फटीतून काडेपेटी सरकवली. मी माझ्या अकलेवर जाम खूश झालो.

खरं सांगायचं तर तो आडोसा मलाही हवा होता. मीही ओढतो, आणि आबा दुपारभर गल्ल्यावर असतात. गेल्या थंडीत त्यांची छाती भरली, आठ दिवस दवाखान्यात गेले. डॉक्टर म्हणाले, आता एक बिडीसुद्धा जिवावर बेतेल. त्यांची बिडी मीच बंद केली. कोपरीच्या खिशातलं बंडल काढून बंबात टाकलं आणि वर म्हणालो, "नातवंडांकडं तरी बघा जरा!" बापाला असं सुनावणारा मी, रोज दुपारी धाकट्यांच्या बाजूला उभा असायचो.

एक दिवस सिगारेट अर्धी झाली असताना थोरल्यांच्या बाजूनं खोकला आला. आधी कोरडा, मग छातीतून ओढून काढलेला, शेवटी बारीक शीळ. दवाखान्यात उशाशी बसून आठ दिवस तोच ऐकला होता. खाली फटीतून चपला दिसल्या, मीच आणलेल्या. राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. दोन पावलं टाकून पलीकडं जायचं, एवढंच काम. पण हातात सिगारेट होती. ती टाकली असती, पण तोंडाच्या वासाचं काय करणार? आबा आत जाईपर्यंत मी श्वास रोखून उभा राहिलो. बापाची बिडी हिसकायला गेलो नाही, याची लाज अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मधला पत्रा काढायला लावला. गिऱ्हाईकांनी शिव्या घातल्या. दुपारी आबा आले, मागच्या दारापर्यंत जाऊन परत गल्ल्यावर बसले.

"पत्रा का काडलास रं?"

"वारं अडत हुतं, आबा."

"व्हय."

मग कोपरीच्या खिशातून काडेपेटी काढून त्यांनी देवाच्या फोटोखाली ठेवली.

"ऱ्हाऊ दे हितं, उदबत्तीला."

आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुजी बी ठेव."