मेहुणीने पाडलेली भिंत

तिच्यात आणि भावजींच्यात विस्तव जात नव्हता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. भावजी म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, बांधकामाचा ठेकेदार. बोलायला लागले की समोरच्याला हूं म्हणायलाही उसंत द्यायचे नाहीत. तिचं काम वेगळं. काँक्रीटच्या भिंती ती कॉम्प्युटरवर उभ्या करायची आणि त्यांच्यासमोर स्फोट घडवून बघायची: भिंत किती वाकते, कुठे तडकते, टिकते की नाही. भावजी चारचौघांत सांगायचे, "आम्ही बांधतो, आमची मेहुणी पाडते. तेही खोटं खोटं." लोक हसायचे, ती हसायची नाही. तिचं लग्न मोडलं तेव्हा, "एखाद्या भिंतीशीच लावून द्यायला हवं होतं हिचं," असंही ते म्हणाले होते. ते तिने कधी विसरायचं मनावर घेतलं नाही.

बेचाळिसाव्या वर्षी तिच्या टेबलावर एका रसायनांच्या कारखान्याची फाइल आली. तिथे गॅसची नवी टाकी बसणार होती, आणि टाकीपासून साठ पावलांवर जुनी कंट्रोल रूम. आत एका वेळी अकरा माणसं. टाकी फुटलीच तर खोलीची त्या बाजूची भिंत तग धरेल का, एवढंच सांगायचं होतं. फाइलमध्ये जुने नकाशे होते आणि भिंत न फोडता आतल्या सळया शोधणाऱ्या यंत्राची मोजणी होती. नकाशात दर पंधरा सेंटिमीटरला सळई, मोजणीत दर तीसला. शेवटच्या पानावर ठेकेदार म्हणून भावजींचं नाव.

ती साहेबांकडे गेली. "हे माझ्या नात्यातले आहेत. फाइल दुसऱ्या कुणाला द्या."

"दुसरं आहे कोण?" साहेब म्हणाले. "कारखान्याला नातं मी कळवतो, तुमचे आकडे मी तपासतो. करा."

तिने केलं. मोजणीतल्या सळया धरून काँक्रीटला दरवेळी झुकतं माप दिलं, स्फोट थोडा सौम्य धरला, तरी पापणी लवायच्या आत भिंत आत वाकायची, मधोमध उकलायची आणि ढलप्या खोलीत उडायच्या. मग तिने नकाशातल्यासारख्या सळया भरून पाहिलं. भिंत वाकली, भेगाळली, पण उभी राहिली. सात वेळा करून सातही वेळा तेच. सातव्या वेळी, भावजी सापडले म्हणून तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली नाही.

अहवाल गेला. त्या रविवारी ती आईकडे होती, तेव्हा ताई आणि भावजी न सांगता आले. भावजींनी चपलाही काढल्या नाहीत.

"सात वर्षं उभी आहे माझी भिंत. तुझ्या खेळात पडली म्हणून मी चोर?"

"चोर मी लिहिलं नाही. सळया किती आहेत ते लिहिलं."

"यंत्र चुकतं."

"मग हातभर फोडून बघा भावजी. यंत्रही नको, मीही नको."

ताई म्हणाली, "तुला आमचं कधी बघवलंच नाही. लहानपणापासून."

आई मध्ये पडली. "अगं, सही दुसऱ्या कुणाची घे ना. घरात कशाला मिठाचा खडा?"

"आई, त्या खोलीत अकरा जण बसतात."

"कुणाचे कोण ते," ताई म्हणाली.

भिंत फोडायचं ठरलं ते कारखान्याच्या मॅनेजरसमोर. भावजींनीच गवंडी आणला होता. गिलावा निघाला, छिन्नी आत शिरली, एक सळई दिसली. दुसरी सापडायला पुढचा अर्धा तास गेला. मॅनेजरने स्वतः टेप लावली: एकतीस सेंटिमीटर. भावजींनी आधी खापर मुकादमावर फोडलं. मग मॅनेजरकडे वळून म्हणाले, "साहेब, हिला घरचं उट्टं काढायचंय. विचारा तिला, खोटं आहे का ते?"

मॅनेजरने तिच्याकडे पाहिलं.

"खोटं नाही," ती म्हणाली. "पण टेप तुमची आहे."

कारखान्याने जुन्या भिंतीच्या आतून नवी जाड भिंत घातली. खोली अरुंद झाली, तिथले लोक कुरकुरले. भावजींचं नाव ठेकेदारांच्या यादीतून गेलं आणि बाकीच्या कारखान्यांनीही हात वर केले. त्यांनी फरशीचं दुकान टाकलं. ताईने बोलणं टाकलं. चुलत्यांपासून मावश्यांपर्यंत सगळे तिलाच घरभेदी म्हणाले. ऑफिसातही कुणी पाठ थोपटली नाही. घरच्यांना सोडत नाही ती आपल्याला काय सोडणार, म्हणून सहकारी चार हात लांब राहू लागले.

पाच वर्षांनी आई हॉस्पिटलात होती, तेव्हा दोघी बहिणी एका खोलीत आल्या. ताईने आईची चादर सारखी केली. पाठमोरीच विचारलं, "फुटली का ती टाकी?"

"नाही."

"मग काय मिळवलंस?"

तिच्याकडे उत्तर होतं, पण टाकी फुटल्याशिवाय ते कुणाला पटणारं नव्हतं, आणि फुटावी असं तिला कधी वाटलं नव्हतं. "नाही फुटली ते बरंच आहे, ताई," एवढंच ती म्हणाली.

"तू नाही सुधारायची," म्हणून ताई पर्स उचलून लिफ्टकडे गेली. ती खुर्ची ओढून पलंगाशी बसली. आईची नखं वाढली होती, ती कापायला घेतली.