खाजेचा पाहुणचार

जावयाचे लाड भंडारा जिल्ह्यात सगळीकडेच होतात. पण जावई आल्याबरोबर त्याला पाटावर बसवून दोन्ही हातांना खाजकुहिरी चोळणारा सासरा अख्ख्या पवनी तालुक्यात मलाच मिळाला. मामाजी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीतल्या चिखलाने सासूबाईंचे हात खाजून खाजून लालबुंद होत. त्यावर मामाजी करंजाच्या तेलात नाना पाले उकळून माझ्या दर सुट्टीला नवा लेप काढत. मात्र तो सासूबाईंना लावायची त्यांची तयारी नव्हती. "आधी निरोग्या मानसावर सिद्ध होऊ द्या, मंग घरच्याले लावू," असं म्हणून ते माझ्याकडे बघत. त्यांच्या स्वतःच्या हातांना प्रयोग करकरून काही जाणवेनासं झालं होतं, आणि गावातल्या निरोगी माणसांनी त्यांच्या गल्लीतून जाणंच सोडलं होतं. मला सासुरवाडी सोडता येत नव्हती.

मामाजी घड्याळ काढून समोर बसत. खाजवायला सक्त मनाई. एकदा मी चोरून खांबाला हात घासताना सापडलो, तर त्यांनी वहीत लाल शाईने 'प्रयोग रद्द' लिहिलं आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं. लेप लावून झाला की विचारत, "काहून लाजून राहिले, जवाईबापू? खरं सांगजा." खरं म्हणजे त्या लेपांनी काडीचा फरक पडत नसे. पण सासऱ्याच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं? मी डोळे मिटून "थंडगार!" म्हणायचो आणि ते आनंदाने लिहून घ्यायचे. त्या प्रत्येक 'थंडगार'ची आता लाज वाटते.

गेल्या वर्षी खाजकुहिरी चोळून झाल्यावर त्यांनी दोन हातांना दोन वेगळ्या डब्यांतला लेप लावला. मी डावा हात उचलून म्हणालो, "हा बघा, एकदम शांत."

मामाजी माझ्याकडे पाहतच राहिले. "दोन्हीत नुसतं तेल होतं, जवाईबापू."

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त वही मिटून कपाटावर ठेवली आणि ओट्यावर जाऊन बसले. माझे हात तर पेटले होते. मी फडताळातली नव्या लेपाची डबी काढली, बोटभर लावला, आणि दहा मिनिटांत खाज खरोखर उतरली. मी धावत ओट्यावर गेलो. "मामाजी, हा लेप लागू पडतो! देवाशप्पथ!"

ते मायेने हसले. "सोभाव चांगला आहे तुमचा. चहा प्या."

उरलेला लेप त्यांनी गोठ्याच्या कुरकुरणाऱ्या दाराला घालून संपवला.

यंदाही रोवणी झाली. सासूबाई ओट्याच्या कडेला हात घासून घासून थकल्या होत्या आणि मामाजी त्यांच्या बोटांवर फुंकर घालत होते. मी कपाटावरची वही काढून त्यांच्यापुढे ठेवली, बाह्या वर केल्या आणि न सांगता पाटावर जाऊन बसलो. मामाजी उठले. त्यांनी माझ्या बाह्या एकेक करून हळूच खाली ओढल्या.

"राहू द्या, जवाईबापू," ते म्हणाले, आणि पुन्हा फुंकर घालायला जाऊन बसले.