पागा रिकामी आहे

धारहून मी निघालो त्या सकाळी आपल्या पागेतून दोन बैलगाड्या निघाल्या. एकीत मी, माझी वळकटी आणि आईने बांधून दिलेल्या दशम्या. ती महूच्या स्टेशनाकडे वळली. दुसरीत आमचं जातं, हंडे, खाटा. ती तलावापलीकडच्या झोपड्यांकडे. आबा दुसऱ्या गाडीबरोबर चालत गेले. मला एवढंच म्हणाले, “नीट जा. पत्र टाक.”

पागेतल्या मंडळींनो, तुम्ही आता कुठे कुठे आहात हे मला नीट ठाऊक नाही. मी इंदूरला बोर्डिंगात राहतो, कॉलेजात जातो. घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दारांच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, म्हणून हे मीच लिहायला हवं असं वाटतं.

दरबारचे घोडे कमी होत संपले आणि चाकरी गेली, तरी आपली बारा घरं त्या लांबलचक इमारतीतच राहिली. आमचं बिऱ्हाड पाचव्या ठाणात होतं. भिंतीत घोडा बांधायची कडी तशीच होती. आई तिला दोरी बांधून धुणं वाळत घाली. पुढे प्लेगच्या भीतीने लोक गावाबाहेर घरं बांधू लागले, सडक आली, आणि आडबाजूची पागा एकाएकी त्या नव्या वस्तीच्या, पुऱ्याच्या तोंडाशी आली.

तेव्हा गावातले वकीलसाहेब आबांकडे आले. म्हणाले, अर्ज करा. ठाणांमध्ये भिंती घालून पक्क्या खोल्या होतील, टोकाला शाळा होईल. मला म्हणाले, “तुझं अक्षर बरं आहे. तूच लिही.”

मी लिहिलं, ‘पागा सहा वर्षे रिकामी आहे, तरी तिची दुरूस्ती होऊन ती आम्हांस मिळावी.’ कडुलिंबाखाली तुम्हा सगळ्यांना वाचून दाखवलं. तुम्ही माना डोलावल्या. हरीभाऊ हसून म्हणाले, “सही लिखा, भिया. सहा वर्षांत इथे एक शेपूट हललं नाही.” घोडे नाहीत म्हणजे पागा रिकामी, असंच आपण बोलत आलो. माणसं कोणी मोजलीच नव्हती. मीही नाही.

वकीलसाहेबांनी कागद तांबड्या शाईने तपासला. ‘दुरुस्ती’तला माझा दीर्घ उकार ऱ्हस्व केला. ‘रिकामी’ या शब्दापाशी त्यांची लेखणी थांबलेली मी पाहिली. मग ती पुढे गेली. त्याच बैठकीत त्यांनी मला बोर्डिंगासाठी शिफारसपत्र दिलं आणि मी वाकून नमस्कार केला.

पागा त्यांच्या मेव्हण्याला कापसाच्या गोदामासाठी मिळाली. आबा कचेरीत सांगू लागले, आम्ही बारा घरं तिथे राहतो. अंमलदाराने कागद पुढे धरला. “तुमच्याच अर्जात रिकामी लिहिलंय. मग राहतं कोण?” आबांनी वकीलसाहेबांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. मी आबांच्या मागे उभा होतो, आणि शिफारसपत्र माझ्या खिशात होतं. ते मी परत केलं नाही. आबांनीच करू दिलं नाही, असं मी स्वतःला सांगतो. ते खरंही आहे, पण पुरतं नाही.

इंदूरलाही गावाबाहेर नवी वस्ती वाढते आहे. जुन्या ओस इमारतींचं काय करावं, यावर इथले विद्यार्थी हिरिरीने बोलतात. मला मात्र कुणी एखादी जागा रिकामी आहे म्हणालं, की भिंतीत कडी दिसते का, तिला दोरी आहे का, हे बघून यावंसं वाटतं.

मागच्या आठवड्यात आबांचं पत्र आलं, कुणा दुकानदाराकडून लिहून घेतलेलं. झोपडी लहान आहे, पाय पसरता येत नाहीत. शेवटी लिहिलं आहे: ‘दाराजवळ तुझ्या अंथरुणापुरती जागा ठेवली आहे. लिहिणारा तिला रिकामी म्हणत होता. मी त्याला तो शब्द खोडायला लावला. तिथे तू राहतोस.’

कागदावर ती खोडल्याची खूण आहे. माझं घर सध्या तेवढंच आहे.