काडाखालचा डॉक्टर

विनी अ‍ॅचिसनच्या शेतातलं गव्हाचं लांब काड नसतं तर आमच्या सोंगांना तोंडच उरलं नसतं. नाताळात आम्ही बाराजण तिने विणलेले काडाचे मुखवटे चढवून घरोघर जातो, ओढ्याच्या अलीकडे आणि पलीकडेही. ओढा म्हणजे दोन देशांची हद्द. खेळ एकच. दोन वीर लढतात, एक मरतो, डॉक्टर बाटलीतला घोट पाजून त्याला उठवतो. मग बघणाऱ्यांनी सोंगाड्यांना ओळखायचं. नाव बरोबर आलं तरच मुखवटा उतरतो. ज्याला कुणी ओळखलं नाही, त्याची भूमिका पुढच्या साली त्याचीच; ओळखला गेला तर ती मोकळी.

चाळीस वर्षं विनी काडाने बोटं कापून घेत होती, पण मुखवटा घालायला कधी मिळाला नाही. सोंगात बाई नको, असं आमचा म्होरक्या ह्यूई मकॅफ्री म्हणायचा, आणि त्याचं म्हणणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"मला डॉक्टर करायचाय रे," ती दरवर्षी म्हणायची.

"तू विण, विनी. आजोबांच्या काळापासून बाई नाही."

"आणि तुझ्या आजोबांचे मुखवटे कोण विणायचं?"

"तुझी आजी," म्हणत ह्यूई पुढचं काड तिच्या हातात द्यायचा.

मग एका साली दोन्ही पंथांना एकत्र आणण्यासाठीचं अनुदान मिळालं आणि बेलफास्टहून एक बाई फॉर्म घेऊन आली. कॅथलिक किती, प्रोटेस्टंट किती? सहाला सहा हवे होते. त्या बाईसमोर गावच्या सभागृहात खेळ होता, नेमकी त्याच दुपारी विल्बर्टची गाय व्यायला लागली. विल्बर्ट म्हणजे आमचा डॉक्टर आणि सहावा प्रोटेस्टंट. ह्यूईचं तोंड उतरलं. तेवढ्यात विल्बर्टचे बूट घातलेलं कुणीतरी मुखवट्यासकट सभागृहात शिरलं आणि डॉक्टर असा काही रंगवला की मेलेला वीर, म्हणजे मी, हसू दाबता दाबता खरंच मरायला टेकलो.

लोकांनी बूट बघून विल्बर्टचं नाव घेतलं. डॉक्टरने नकारार्थी मान हलवली. ह्यूईने बाटली धरलेली ती कापलेली बोटं पाहिली.

"फादर डोलन असतील," तो म्हणाला. फादर डोलन समोरच केक खात बसले होते.

"मग फॉर्ममध्ये काय लिहू?" बाईने विचारलं.

"काड लिहा," ह्यूई म्हणाला.

पुढची सहा वर्षं असंच चाललं. ह्यूईच्या मते डॉक्टर म्हणजे कधी पोस्टमन, कधी बिशप, एकदा तर विल्बर्टची गायसुद्धा. सगळ्यांना ठाऊक होतं. नियमही मोडला नाही आणि विनीही खेळली, म्हणून आम्ही स्वतःवरच खूश. टाळ्यांच्या वेळी ती मुखवट्यासकट मागच्या दाराने निघून जायची, याचं मात्र कुणाला काही वाटलं नाही. आज मला त्याची लाज वाटते.

सातव्या साली ती गेली नाही.

"ह्यूई, मेल्या, मला बिशप केलंस, गाय केलंस," मुखवट्यातून आवाज आला. "आता एकदा विनी कर."

"ओळखलं तर भूमिका जाईल तुझी."

"ठाऊक आहे."

ह्यूईने घसा खाकरला. "विनी अ‍ॅचिसन," तो म्हणाला.

तिने मुखवटा उतरवला. केसांत काडाचे तुकडे होते. आम्हा अकराजणांनी आश्चर्याचं इतकं भिकार सोंग केलं की फादर डोलनना केकचा ठसका लागला.

"डॉक्टरची भूमिका मोकळी झाली," ह्यूई जमिनीकडे बघत म्हणाला. "कुणाला हवीय?"

आमच्यातला एकही हात वर झाला नाही.

"मला," विनी म्हणाली.

"घे मग."